शेजारच्या पटलावरचं वजन

धरणाच्या मागच्या डोंगरात खोदलेल्या एका जुन्या बोगद्यात डॉ. यामिनी पोंक्षे यांची प्रयोगशाळा होती. वर अख्खा काळा कातळ, त्यामुळे घाटातल्या ट्रकचा हादराही आत पोचत नसे. तिथे हवा काढून घेतलेल्या काचेच्या घंटेत, केसाहून बारीक तारेला एक आडवी दांडी टांगलेली होती. शेजारून माणूस गेला, तरी त्याच्या शरीराच्या गुरुत्वाकर्षणाने ती किंचित वळे. यामिनी या उपकरणाला पीळतराजू म्हणत असे.

गेले काही दिवस जवळपास कुणी नसतानाही दांडी वळत होती.

"उंदीर, झिरपणारं पाणी, भूकंप, सगळं तपासून झालं," ती म्हणाली. "आता तुझं गणित काय म्हणतं ते सांग."

डॉ. इरफान मोमीन एकेकाळचा तिचा विद्यार्थी. अतिगुरुत्व सिद्धांताच्या समीकरणांत त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. दोन दिवस तो नीट जेवला नव्हता.

"ताई, आपलं विश्व म्हणजे एक पातळ पटल. कपाटातल्या साड्यांच्या थप्पीतली एक साडी समजा. प्रकाश, आवाज, आपली हाडंमांसं, सगळं तिच्या धाग्यांत गुंतलेलं. बाहेर पडूच शकत नाही. दुसरं पटल अगदी लागून आहे, पण पाचव्या मितीत. तिकडे बोटसुद्धा दाखवता येत नाही. एकटं गुरुत्वाकर्षण धाग्यांत अडकत नाही, ते आरपार जातं. आणि त्या मितीत अंतर जरा कमी झालं, की ओढ भलतीच वाढते."

"म्हणजे पलीकडे काहीतरी जड आहे."

"आहे. म्हशीएवढं असेल. येतं, थांबतं, निघून जातं. ताई, ते जिवंत आहे."

यामिनी म्हणाली, "त्याची ओढ आपल्याला कळते, तर आपली त्याला कळत असणार. शिशाचा मोठा गोळा रुळावर पुढेमागे फिरवू."

"नको. कुणाच्या दारावर थाप मारतोय, ते आपल्याला ठाऊक नाही."

"आयुष्यभर मी मुक्या गोळ्यांची वजनं केली, इरफान. एकदा तरी पलीकडून कुणी ओ देऊ दे."

गोळा फिरू लागला. थोड्याच वेळात दांडी वळली. पलीकडचं ते आलं, अगदी जवळ आलं आणि एकदम निश्चल झालं. श्वास रोखल्यासारखं. मग दांडी झटक्यात मूळ जागी आली.

"पळालं," इरफान पुटपुटला. "आपल्याला घाबरलं."

यामिनीचा चेहरा उतरला. गोळा फिरतच होता. इतक्यात दांडी गर्रकन उलट फिरली आणि काचेवर आपटून तुटली. भिंतीजवळ दोरीला टांगलेला ओळंबा तिरपा झाला. इरफानच्या कपातला चहा एका कडेला चढून टेबलावर सांडला.

"तेच परत आलं?"

"ते नव्हे. हे डोंगराएवढं आहे." यामिनीने झडप घालून गोळा थांबवला. "हलू नकोस! ते मघाचं आपल्याला घाबरून थिजलं नव्हतं. काही हललं की हे मोठं येतं, एवढं त्याला माहीत होतं. स्थिर वजन म्हणजे याच्या लेखी जमीन. हलतं ते भक्ष्य."

"पण हे आपल्याला शिवू शकत नाही! फक्त ओढू शकतं."

"आणि हे कसं खातं, ते तुला माहीत आहे?"

दोघं पुतळ्यासारखे उभे राहिले. यामिनीचा चष्मा नाकावरून हळूहळू बाजूला सरकला आणि खाली पडला. तिने हात उचलला नाही. इरफानचे ओठ दुवा पुटपुटत होते, आवाज मात्र फुटत नव्हता. अंगातलं सगळं रक्त एका कुशीला गोळा होतंय असं तिला वाटलं. मग ती ओढ ओसरली. ओळंबा सरळ झाला.

"गेलं," इरफान म्हणाला आणि मटकन खाली बसला.

ओळंबा पुन्हा कलला. या वेळी थोडासाच, आणि धरणाखालच्या दरीच्या दिशेने.

त्याच वेळी बोगद्याच्या तोंडाकडून भोंगा ऐकू आला. धरणाची दारं उघडताना वाजतो तो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढं सगळं पाणी हलणार होतं.

"ताई, हलू नका!" त्याने तिचा हात धरला. तो हिसडून ती फोनकडे धावली.

पलीकडून धरणावरच्या शिर्के इंजिनियरांचा आवाज आला.

"दारं बंद करा! पाणी सोडू नका!"

"सोडलंय की मॅडम." त्यांचा आवाज चिरका झाला होता. "पाणी दारातनं बाहेर पडलंय, पण... पण खाली पडेना झालंय. वर चाललंय. पुलावर बघायला आलेली माणसं पळत सुटल्यात."

"त्यांना थांबवा! आहेत तिथंच उभं राहायला सांगा! तुम्हीसुद्धा हलू नका!"

"असलं बघून कोण थांबतंय हो?" शिर्के म्हणाले आणि पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.