न सोललेलं संत्रं

खोटं वाटीन, पण सौंसरच्या गुणवंताची पोरगी तृप्ती संत्रं नुसतं हातात घे, अन् आतल्या फोडी किती ते सांगे. येकडाव झाडावरच्याच सांगतल्या, तं झाड लाजून खाली वाकलं. बरं, झाडाचं राहू द्या.

गुणवंता भगवंतरावच्या बगीच्यात तोडणी करे. तृप्ती माह्या बाजूले बसून लहान-मोठी संत्री छाटून येगळी करे. बारावीत तालुक्यात पयली आली, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा छाटणीवर. भगवंतरावचा मयूर मात्र नागपूरले डॉक्टरकीच्या क्लासले. सुटीत आला, कॅरेटले अडखळला — अन् सारी संत्री हिच्या ओटीत.

"किती फोडी?" येक उचलून त्यानं इचारलं.

"दहा. अन् पाय उचलून चालत जा."

सोललं. दहाच. अर्ध्या तिले देल्या. देताना बोटाले बोट लागलं… मले चष्मा नाई लागत.

मंग तो क्लासले वापस गेला. बगीच्याची संत्री नागपूरच्या मंडीत जात, तिथून रिकामे कॅरेट वापस येत, त्याच्या तळाशी तणसाखाली क्लासचे पेपर. तृप्ती पाठकोऱ्या बाजूवर सारे प्रश्न सोडवून भरल्या कॅरेटात धाडे. कोपऱ्यात अभ्यासाचं नसलेलंबी काही राहे म्हणे. म्या नाई वाचलं. दोनदाच वाचलं.

तो म्हणे, बाबाले सांगतो, तुहीबी फी भरतीन. ती म्हणे, दान घेत नाई आमी. मंग त्यानं शर्यतच लावली.

"ज्या दिवशी फोडी चुकशीन, त्या दिवशी तुले क्लासले जा लागीन. फी बाबा भरतीन. मंग ते दान नाई — हार."

"मी चुकत नाई."

"पाहू ना."

दर सुटीत तो संत्रं हाती दे, पण ती चुकेच ना. वर्षभर चुकली नाई. तिनं सोडवलेल्या पेपरावर अभ्यास करून मयूरचा डॉक्टरकीले नंबर लागला, जबलपूरले. जाच्या दिवशी बगीच्यासमोर छिंदवाड्याची बस हार्न वाजवून राहिली व्हती, तवा तो धावत आला अन् तिच्या हातात संत्रं ठेवलं.

तृप्तीनं लय वेळ धरून ठेवलं.

"नऊ…" ती म्हणे.

मयूर हसला. "तू कधी चुकली का?"

अन् न सोलताच ते संत्रं माह्या टोपल्यात ठेवून बसमंधी चढला. धूळ बसली तरी ती उभीच.

म्या सोललं. माह्या गोष्टीत मीठमसाला राह्यते, सारं गाव जाणते. पण हे म्या येक येक करून मोजलं — अकरा.

"तृप्ते, अकरा हाय वं."

तिनं पुढचं कॅरेट ओढलं. वर पाह्यलं नाई.

"माहीत व्हतं मले, आजी."