लाल गाडीचा ताप

"रेडिएटरचं झाकण उघडू नका, कुलदीपकाका! उकळतं पाणी तोंडावर उडेल!"

वर्षाली गॅरेजच्या दारातून ओरडली, तसा काकांचा हात जागीच थांबला. पुनावळ्याच्या कुलदीपकाकांची लाडकी लाल स्पोर्ट्‌स कार काळेवाडीतल्या त्या छोट्याशा गॅरेजसमोर फुसफुसत उभी होती. उघड्या बॉनेटखालून वाफ निघत होती आणि काकांचा पारा तिच्याही वर चढला होता.

"तिसऱ्यांदा तापली, ज्योतीरामभाऊ! गाडीचा जोर वाढवायला टर्बो बसवायचं काम तुमच्याकडं दिलं, तितंच आमचं चुकलं. टोइंगवाल्याला बोलवलंय. आता पुण्यातल्या मोठ्या गॅरेजात नेतो, ऐकणार न्हाई मी!"

ज्योतीराम म्हणजे वर्षालीचे पप्पा. बीडहून आलेल्या या माणसाला नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं कळायचं. पण या गाडीपुढे त्यांनी हात टेकले होते. इंजिन गार ठेवणारं कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, पंखा तपासला. गॅरेजात तासभर चालू ठेवली तरी तापमानाचा काटा हलायचा नाही, आणि रस्त्यावर गेली की बाईसाहेबांना ताप!

"माझ्याच हातात कसब राहिलं नाही, लेकरा," पप्पा हळूच म्हणाले. "सोमवारपासून चाकणला कंपनीत जातो. गॅरेज बंद करू."

वर्षालीने त्यांची बाही धरली. गॅरेज नाही म्हणजे गुणगुणत पाने चालवणारे पप्पाही नाहीत! आणि सोमवार तर चार दिवसांवर आला होता.

एवढ्यात गाडीतून तेजस्विनी उतरली. ही काकांची पुतणी आणि वर्षालीची वर्गमैत्रीण. तिने तळहात पुढे केला. त्यावर पेनाने आकडे लिहिले होते.

"काटा बघत आले मी! सिग्नलला ब्याण्णव, गर्दीत पंचाण्णव आणि हायवेला, मोकळ्या रस्त्यावर, एकशे पंधरा!"

"हे तर उलटंच!" वर्षालीचा धाकटा भाऊ समर्थ म्हणाला. "पळताना वारा लागतो. मग गार नको व्हायला?"

वर्षाली गाडीच्या तोंडाकडे बघत राहिली. "उभी असताना पंखा वारा ओढून घेतो. पळताना वाऱ्याने आपणहून आत यायला हवं. तेजू, वारा कुठेतरी अडतोय! पण काका आपल्याला हात लावू देतील का?"

तेजस्विनीने डोळे मिचकावले आणि ती मोठ्याने म्हणाली, "काका, टोइंगवाला दोन तासांनी येणार. कोपऱ्यावर वडे तळतायत, वास आला का?"

काकांना वास आला. ते गेलेसुद्धा!

अर्ध्या तासाने गाडी निवली. पप्पांनी कूलंट भरलं, वर्षालीच्या हट्टाखातर इंजिन सुरू केलं आणि पंखा फिरू लागल्यावर तिने बाहेर उभं राहूनच वहीचा कागद जाळीपुढे धरला. वरच्या बाजूला कागद चटकन चिकटला. खाली धरला, तर गळून पडला!

"पप्पा, खालून वारा शिरतच नाही!"

पप्पांचे डोळे चमकले. त्यांनी इंजिन बंद करून किल्ली काढली आणि टर्बोची हवा गार करायला पुढे बसवलेला इंटरकूलर सैल केला. तो आणि मागचा रेडिएटर यांच्या फटीत काहीतरी करडं, वाळकं गच्च दाबून बसलं होतं. त्यांनी ते तारेच्या आकड्याने ओढलं.

झेंडू! वाळलेल्या झेंडूचा लगदा, आणि त्यात लाल दोरा. दर पाचव्या फुलाला गाठ. ती गाठ वर्षालीचीच होती! पप्पांनी बसवलेला पहिला टर्बो म्हणून खंडेनवमीला अवजारांच्या पूजेबरोबर तिने या गाडीलाही हार घातला होता, हौसेने हातभर लांब.

"टाकून दे पटकन!" समर्थ कुजबुजला. "काका आले! ते आपल्यालाच बोल लावतील!"

खरंच, समोरून काका येत होते, तोंडात वडापाव. कचऱ्याचा डबा पायाशीच होता. वर्षालीने पप्पांकडे पाहिलं. तिला रडू येत होतं, तरी तिने हात पुढे केला.

"काका, याने वारा अडला होता. हार मीच केला होता."

"म्हंजी तुमच्याच हारानं माझी गाडी..."

"थांबा, काका!" तेजस्विनी मध्ये पडली. "सणाचा हार दुसऱ्या दिवशी उतरवतात. आजोबांनी सांगितलं, तर तुम्ही काय म्हणालात? 'राहू द्या, रील भारी येतंय!' आठ दिवस ठेवलात आणि हारासकट हायवेला पळवलीत! वाऱ्याने फुलं आतच गेली!"

काकांनी उरलेला वडापाव कागदात गुंडाळला आणि वाकून फटीत पाहिलं.

फट साफ झाली, इंटरकूलर पुन्हा घट्ट बसला. काका आणि पप्पा गाडी घेऊन हायवेला गेले. इकडे तिघं पायरीवर वाट बघत बसली. समर्थने नखं खाऊन संपवली, तेव्हा कुठे फोन वाजला.

"ब्याण्णव!" पप्पा लहान मुलासारखे ओरडत होते. "शंभरच्या स्पीडला पण ब्याण्णव!"

परत आल्यावर काकांनी टोइंगवाल्याला नको म्हणून कळवलं आणि पप्पांसमोर हात जोडले. "माफ करा, भाऊ. काम तुमचं चोख हाय, माजाच शानपणा नडला." मग ते वर्षालीकडे वळले. "तुला लपवता आलं असतं, पोरी. न्हाई लपवलंस. शाब्बास! आन तेजू, तू मला वडे खायला पाठवलंस व्हय? लबाड!"

सगळे हसत असताना पप्पांचा फोन वाजला. चाकणहून होता.

"नाही साहेब," पप्पा म्हणाले, "सोमवारी येत नाही. माझं गॅरेज आहे."

फोन ठेवून त्यांनी वर्षालीच्या डोक्यावर हात ठेवला. हात ऑइलने माखलेला होता. पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि वर्षालीही डोकं बाजूला न घेता तशीच उभी राहिली.