गिलावा जरा पातळ ठेव

या, असे जवळ सरका. मागे का बसलात? प्रेमाची गोष्ट लांबून ऐकली तर नुसती ऐकू येते, तिची ऊब लागत नाही. आज एका काचवालीची आणि एका गवंड्याची गोष्ट सांगते. गोड आहे, जराशी दुखरी आहे. पण देवाच्या दयेने रडवून घरी पाठवणार नाही, एवढा शब्द देते.

एक नदी होती आणि तिच्या दोन्ही काठांवर मिळून एकच गाव होतं. मग लढाई झाली आणि एका गावाची दोन गावं झाली. बोली तीच राहिली; पलीकडचे फक्त वाक्याचं शेपूट थोडं लांबवतात, एवढाच फरक. लढाई थांबली तेव्हा अलीकडच्या काठावर एकाही घराला धड काच उरली नव्हती. मग दूरदूरच्या देशांतून मदत यायला लागली. सिमेंट एका देशाचं, सळया दुसऱ्याच्या, आणि गवतात निजवून आणलेल्या काचा तिसऱ्याच्या. पडलेल्या पुलाशेजारी त्यांनी लोखंडी पूल टाकला, आणि पहिलं काम काढलं ते अलीकडच्या शाळेचं. अट मात्र एकच घातली – दोन्ही काठांची माणसं एकाच टोळीत काम करतील. नाहीतर माल परत.

त्या टोळीत आपली काचवाली. वडिलांच्या हाताखाली लहानपणीच काच कापायला शिकलेली. वडील गेले, त्यांच्या मागे दादाही गेला – तो लढाईत, जुन्या पुलाच्या तोंडाशीच. घरात आता ती आणि आई, दोघीच.

त्या सकाळी ती पाठीवर भली मोठी काच बांधून शाळेकडे निघाली होती. गार वारा, बारीक भुरभुर... आणि कोपऱ्यावर वळताच वाऱ्याने काच अशी काही धरली की काचवालीची शिडाची नाव झाली! पाय रस्ता सोडायला लागले. तेवढ्यात समोरून येणाऱ्या कुणीतरी काचेच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. तिने पाठीवरची दोरी सोडवून काच पुढे घेतली, तर काचेपलीकडे दोन डोळे. मध्ये पावसाचे थेंब ओघळत होते.

"सोडा," ती म्हणाली.

"सोडली तर उडाल हो-ओ."

त्या लांबलेल्या शेपटावरून तिने ओळखलं. पलीकडचा.

"उडेन नाहीतर बुडेन. काच माझी आहे."

"काच तुमचीच. वारा मात्र आमच्याकडून येतोय, म्हणून म्हटलं जरा हात लावावा."

तिला हसू आलं, आणि हसू आलं याचा रागही आला. काच दोघांनी धरून शाळेपर्यंत नेली. तो उलट्या पावलांनी चालत होता, ती सुलट्या; आणि सबंध रस्ता एकमेकांकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आता मला सांगा, यात बिचारीचा काय दोष?

तो टोळीतला गवंडी निघाला. इतका उंच की खिडकीच्या माथ्याला शिडीशिवाय थापी लावायचा. तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं – उंट.

आणि दुसऱ्याच दिवशी भांडण जुंपलं. चौकटीचं लाकूड अजून आलं नव्हतं, म्हणून काचा थेट भिंतीच्या खाचेत बसवायच्या ठरल्या होत्या. काचवालीने कोऱ्या विटांवर मापं घेऊन साऱ्या काचा कापून ठेवल्या. आणि बसवायला जाते तर एकही बसेना! खिडक्या दोन-दोन बोटं आखडल्या होत्या.

"मिस्त्री, तुम्ही खिडकीच्या आत गिलावा केलात?"

"मग? गिलावा आत वळवल्याशिवाय खिडकी पुरी होते का?"

"अहो, आधी काच, मग गिलावा! जगात असंच करतात."

"जगात आधी गिलावा, मग काच."

दोघांचं जग नदीच्या एकेका काठाएवढं होतं, आणि दोघंही आपापल्या जगात बरोबर होते. अलीकडे पिढ्यान्‌पिढ्या काच आधी, पलीकडे गिलावा आधी. लढाई व्हायच्या आधीही कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

आता एवढ्या साऱ्या काचा दोन-दोन बोटं कमी करायच्या. काच मधोमध कापणं सोपं. कडेची बारीक पट्टी काढणं म्हणजे जीव मुठीत धरायचं काम. दुसऱ्या कुणीतरी काच जराही न हलवता धरावी लागते. टोळीवर देखरेख करायला परदेशातून आलेल्या चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि तुटक्या बोलीत निवाडा केला –

"चूक दोघांची. दोघं दुरुस्त करा. एकत्र."

देवाने कधी कधी चष्मा लावून यावं, ते असं.

मग रोज तेच. ती हिऱ्याच्या टोकाची कलम काचेवरून ओढायची, तो समोर बसून काच धरायचा. काच कापताना बोलायचं नसतं, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. त्यामुळे बघायला वेळ भरपूर! तिला त्याच्या नखांतला वाळलेला चुना पाठ झाला. त्याला तिच्या कपाळावरची, लक्ष लागलं की उमटणारी आठी.

"हलू नका."

"मी हललो नाही. काळीज हललं असेल."

"त्यालाही धरून ठेवा. काच महाग आहे."

काच बसवताना ती आतून आणि तो बाहेरून, बांबूच्या बुटक्या परांचीवर. कडेची पुट्टी दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबत जायची, जवसाच्या तेलाचा वास हातांना चिकटायचा. काच बसली की मधला आवाज बंद व्हायचा आणि नुसते ओठ हलताना दिसायचे. मग तो बाहेर उगाच काहीबाही बोलायचा, आणि ती आतून ओरडायची, "काय? ऐकू येत नाही!" पलीकडे तो पोट धरून हसायचा.

दुपारी सगळी टोळी तंबूत चहाला जमायची. सुरुवातीला एका बाजूला अलीकडचे, दुसऱ्या बाजूला पलीकडचे. एक दिवस अलीकडचा म्हातारा सुतार चष्मेवाल्या बाईंना म्हणाला, "बाई, राग मानू नका. तुम्हाला यात काय मिळतं? भिंती तुम्ही उभ्या कराल, मनं कोण उभी करणार?"

बाईंनी चष्मा पुसला. "माझी आजी. तिचं गाव असंच. पडलेलं. मग पीठ आलं. कुणी पाठवलं? ज्यांनी पाडलं, त्यांनी. आजीने पोतं कोपऱ्यात ठेवलं. उघडलं नाही. फार दिवस."

"मग?"

"मग भूक लागली. उघडलं. नंतर माझी आई जन्मली." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "म्हणून मी आले."

 सुताराने आपली साखरेची डबी उचलून मधोमध ठेवली.

आता घरचं ऐका. काचवालीच्या घराला एकच खिडकी होती, आणि तिला अजून प्लास्टिक ठोकलेलं होतं. काचवालीच्या घराला काच नाही! पण आई बसवूच देईना. त्या खिडकीतून नदी दिसायची. आणि नदी दिसली की पुलाचं तोंड दिसायचं, जिथे दादा पडला.

"प्लास्टिकच बरं," आई म्हणायची. "उजेड येतो, दिसत काही नाही."

एकदा पोरीचा हात हातात घेऊन तिने हुंगला. "तेलाचा वास येतो. आणि खुशीचा."

"काहीतरीच तुझं, आई."

"मी आंधळी नाही गं." आई हात सोडून चुलीकडे वळली. "एकच सांगते. तिकडचा माणूस माझ्या उंबऱ्यात नको. माझ्याच्याने पाहवणार नाही."

काचवाली उंबऱ्याकडे बघत राहिली. आईशी भांडावं कसं? आईचं दुःख काही खोटं नव्हतं. आणि तिचं सुखही खोटं नव्हतं... त्या दोघांच्या मध्ये ती उभी होती, काचेसारखी. जरा जोर पडला की तडकणार.

शाळेच्या खिडक्या एकेक करून पुऱ्या होत आल्या, आणि एक दिवस काचवालीच्या ध्यानात आलं. पलीकडच्या माणसांना पूल ओलांडायला पास होता, तो या कामापुरताच. काम संपलं की पास संपला. म्हणजे शेवटची काच बसली की तो गेला!

शेवटची खिडकी उरली होती, एका कोपऱ्यातल्या वर्गाची. त्या दिवशी काचवालीच्या हातून काच निसटली आणि खळ्ळकन फुटली.  गवताच्या पेटीत एकच काच शिल्लक होती, तेवढी चष्मेवाल्या बाईंनी काढून दिली. आई मात्र संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता शांतपणे म्हणाली, "आजवर तुझ्या हातून काच फुटल्याचं ऐकलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती शेवटची काच घेऊन गेली, तर बसेना. पुन्हा एक बोट मोठी!

"मिस्त्री!" ती उघड्या खिडकीतून बाहेर वाकून ओरडली. "काल मी माप घेतलं तेव्हा नीट होतं!"

तो परांचीवर उभा. भुरभुर पावसात भिजलेला, नजर थापीवर. "भिंत फुगली असेल."

"फुगायला ती काय मळलेली कणीक आहे?" तिने गिलाव्याला बोट लावलं. बोट आत रुतलं. ओला, ताजा. "हा थर आज सकाळी चढवलात तुम्ही."

त्याने थापी या हातातून त्या हातात घेतली.

"का?"

"... काल काच का फुटली?"

ती बोटावरचा ओला गिलावा पुसत राहिली. पागोळी टपटपत होती. उघड्या खिडकीतून त्याचा श्वास तिच्या गालापर्यंत येत होता.

"फोडली," ती हळूच म्हणाली. "मुद्दाम. तू जाशील म्हणून."

'तू' तोंडातून निघून गेला होता, आता परत कसा घेणार? त्याचे कान लाल झाले.

"मीही मुद्दामच," तो म्हणाला. "तू... तू राहावीस समोर, म्हणून. अजून दोन दिवस. एक दिवस तरी."

दोघं हसले. खूप हसले. आणि हसता हसताच शेजारच्या तंबूतून खोकला ऐकू आला. शाळेतली पोरं खिडक्यांची वाट बघत ओल्या सतरंजीवर बसून अक्षरं गिरवत होती. एक खोकलं की दुसरं खोकायचं.

दोघांचं हसू आपोआप विरलं.

"खरवड तो थर," ती म्हणाली.

"हो."

त्याने थापीने ताजा गिलावा उतरवला. तिने आतून काच लावली, दोघांनी दोन्हीकडून अंगठ्याने पुट्टी दाबत आणली. तिचा अंगठा आतून जिथे जाईल, तिथे त्याचा बाहेरून. मध्ये काच, गार. शेवटच्या, खालच्या कोपऱ्यावर दोन्ही अंगठे थांबले... बराच वेळ. मग तो काहीतरी बोलला. एकच शब्द. ओठ हलले, काचेवर वाफ धरली.

"काय? ऐकू येत नाही," ती म्हणाली. या वेळी तो हसला नाही. परांचीवरून उतरला, आणि पुलाकडे चालू लागला.

शाळा सुरू झाली. पुलाच्या तोंडाशी आडवा दांडा पडला. काचवाली घरोघर काचा बसवत फिरली. लोक म्हणायचे, पोरगी काम करते सुंदर, पण बाहेरच्या बाजूला कुणी उभं आहे का, हे वळूनवळून का बघते? तिने कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी ती शाळेवरून मुद्दाम वाट वाकडी करून जायची, त्या कोपऱ्यातल्या खिडकीशी थांबायची. पुट्टी वाळून दगड झाली होती. बाहेरच्या कडेला त्याच्या अंगठ्याची खूण तशीच. ती टाचा उंचावून त्यावर आपला अंगठा ठेवायची. तो तिच्याहून मोठा होता, अंगठा त्यात बुडून जायचा. काय म्हणाला असेल? 'जातो' म्हणाला? 'विसर' म्हणाला? देवाला विचारलं, तर देवही काचेपलीकडे.

थंडी सरत आली तेव्हा चष्मेवाल्या बाई घरी आल्या. प्लास्टिकच्या खिडकीखाली बसल्या. "पलीकडे दवाखाना बांधतोय," त्या म्हणाल्या. "अट तीच. दोन्ही काठ. काचेला माणूस इकडचा हवा."

काचवालीने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "आई एकटी असते. मला नाही जमणार."

बाई उठून गेल्या. घरात चुलीतल्या लाकडांचा तेवढा आवाज उरला.  मग आई उठली, फळीवरून वडिलांची हिऱ्याची कलम काढली, पदराने पुसली आणि पोरीच्या हातात ठेवली.

"आधी ही खिडकी कर."

"आई..."

"प्लास्टिकमधून काही दिसत नाही. तू पूल ओलांडून जाताना दिसली पाहिजेस. आणि परत येताना." आईचा आवाज एकदा कापला, मग सरळ झाला. "एक लेकरू त्या पुलाकडे गेलं, ते मला दिसलं नाही. दुसरं बघत राहीन."

काचवाली आईच्या गळ्यात पडली. आईने तिला दोन घटका रडू दिलं, मग पाठीत हलकीशी चापट मारली.

"पुरे. आणि तुझ्या त्या उंटाला सांग – या वेळी गिलावा जरा पातळ ठेव. तू तरी किती काचा फोडणार?"

पोरगी चमकून बघत राहिली. उंट हे नाव तिने कुणालाच सांगितलं नव्हतं! आई म्हणाली, "झोपेत बडबडतेस. मी आंधळीही नाही, बहिरीही नाही."

खिडकीला काच बसली, बाईंना होकार गेला, पलीकडे निरोप गेला; आणि पास आला त्याच्या दुसऱ्या सकाळी पाठीवर काच बांधून ती पूल चढली. पुलाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी उंच उभं होतं. वारा सुटला होता. त्याने धावत येऊन काचेची दुसरी कड धरली.

"सोड," ती म्हणाली.

"सोडली तर उडशील हो-ओ."

"त्या दिवशी काय म्हणालास? काच बसल्यावर?"

तो मान खाली घालून हसला. कान लाल. "म्हणालो होतो – ये."

तिने वळून मागे पाहिलं. अलीकडच्या काठावर, एका छोट्या घराच्या खिडकीत नवी काच उन्हात लखलखत होती, आणि तिच्यामागे कुणीतरी न हलता उभं होतं.

"आले ना," ती म्हणाली.

एवढीच गोष्ट. आता उठाल, घरी जाल, आपापल्या खिडकीशी उभे राहाल. त्या दोघांना तुम्ही विसरणार नाही, ते मला माहीत आहे; प्रेमिकांना कोण विसरतं? पण तेवढ्यात क्षणभर त्या माउलीचीही आठवण काढा, जिने आपल्या दुःखासमोरचं प्लास्टिक स्वतः सांगून उतरवलं, आणि लेक परत येईपर्यंत त्या खिडकीतून हलली नाही.