घाणेरी आणि उपटसुंभ

“ही घाणेरी आधी इथून हटवा.”

हे शब्द कानावर पडले तेव्हा मी टेकडीच्या उतारावर, झुडपांत गुडघे टेकून बसले होते. केसांत पाला, बाह्यांना काटे, वरून पावसाची भुरभुर. मी ताडकन उठले.

“घाणेरी कोणाला म्हणता?”

समोरचा माणूस दचकून मागे सरकला. चष्म्यावर थेंब, गळ्यात उद्यान विभागाचं ओळखपत्र. मागे दोन कामगार हसू दाबत उभे.

“तुम्हाला नाही हो... झुडपाला. नावच आहे ना तिचं ते.”

मला ठाऊक नसेल? वर्षभर प्रयोगशाळेत मी तिच्याच पानांचा अर्क काढत होते. जांभळ्या द्रावणात तो टाकला की रंग विरतो, पिवळा होतो... म्हणजे पानांत अँटिऑक्सिडंट आहेत, पेशींची झीज थोपवणारी. आणि हे महाशय तिला हटवायला निघाले होते.

“लाल दोरा बांधलेल्या झुडपांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही,” मी बजावलं. “फुलोऱ्यात त्यांचीच पानं मला पुन्हा खुडायची आहेत. नाहीतर माझं सगळं काम मातीत जाईल.”

“आणि हिच्याखाली गवताचं पातं उगवत नाही, त्याचं काय? बाहेरून आली नि टेकडी बळकावून बसली. उपटसुंभ आहे ती. तुम्ही तिला गुणी ठरवलंत, की लोक कुंडीत लावतील.”

“लावा कोण म्हणतंय? उपटायचीच आहे तर जाळता कशाला? पानं आम्हाला द्या. तीही सावलीत वाळवून, उन्हात त्यांचा गुण जातो.” मग मला राहवलं नाही. “आणि उपटसुंभ ती नाही, तुम्ही. दिवसभर उपटण्याखेरीज करता काय?”

तो चक्क हसला. “बरं. मग या उपटसुंभाला तुमचा नंबर मिळेल? काम सुरू करण्याआधी कळवीन.”

“उपटसुंभांना मी नंबर देत नसते.”

घरी आईसमोर त्याचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशीही केला. त्यानंतर पुन्हा सुरुवात केली, तेव्हा आई भांडी पुसता पुसता म्हणाली, “डोळे कसे आहेत गं त्याचे?” मला तिचाही राग आला. चष्म्याआडचे डोळे काळे की तपकिरी, हे मी कशाला बघत बसू?

तपकिरी होते.

मग तापाने मला अंथरुणाला खिळवलं. बरी होऊन गेले, तर उतार बोडका. एक झुडूप नाही, एक दोरा नाही. वर्षभराचं काम... रडू येत होतं, पण आधी त्या माणसाला फाडून खायचं होतं. तरातरा त्याचं ऑफिस गाठलं, दार ढकललं —

आणि ओळखीचा उग्र वास नाकात शिरला.

पडदे ओढलेले. टेबलांवर, कपाटांवर, खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्रं, आणि त्यांवर पसरलेली पानं. प्रत्येक झुडपाची वेगळी, शेजारी त्याचा त्याचा लाल दोरा.

“वरून हुकूम आला, थांबवता आलं नाही,” तो उठत म्हणाला. “फुलोरा आला होता, म्हणून आधी पानं खुडली. तुम्हाला कळवणार कसं? नंबर नव्हता.”

त्याच्या हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते.

“हातमोजे घालता येत नाहीत?” मी ओरडले, आणि ओरडता ओरडताच त्याचा हात हातात घेतला.

“त्यांनी पानं चुरगळतात.”

रागवायला आता काही उरलंच नव्हतं, आणि याचाच मला भयंकर राग आला.

“मला घाणेरी मुळीच आवडत नाही,” तो खाली बघत म्हणाला. “पण त्या दिवशी तिच्यातून जी ताडकन उठली ना... ती फार आवडली.”

मी टेबलावरचा एक दोरा उचलला आणि त्याच्या शर्टाच्या बटणाला गाठ मारली. घट्ट.

“हे काय?”

“खूण. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.”