डावा फूटरेस्ट

धम्मपाल ठाण्याला एका कारखान्यात वेल्डिंग करायचा ते पोटासाठी, आणि कोपरला करायचा ते हौसेसाठी. सर्वेशच्या बैठ्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे दर रविवारी शाळेपासूनचे तिघे मित्र जमायचे. जागा सर्वेशची, वायरिंग सिद्धेशचं, लोखंडाचं काम धम्मपालचं. भंगारातला बाइकचा सांगाडा आणून त्यातून नवीच गाडी उभी करायची, हा नाद त्यांना चार वर्षांपासून लागला होता. या खेपेची गाडी सर्वेशची स्वतःची होती. सांगाडा कल्याणच्या भंगारवाल्याकडून आला होता, डावीकडची नळी आत दबलेली. गाडी कुणाची, कशी ठोकली, हे कुणी विचारलं नाही. असल्या सांगाड्यांबद्दल कुणीच विचारत नाही.

गाडी अंगाच्या मापाने बनवायची तर आधी मालकाला अनवाणी पायांनी सांगाड्यावर बसवतात. धम्मपालने सर्वेशला बसवलं, त्याच्या दोन्ही टाचा जिथे आल्या तिथे खडूने खुणा केल्या आणि दोन्ही फूटरेस्ट अगदी एका रेषेत जोडले. जोड इतका साफ आला की तो स्वतःवरच खूश झाला.

पुढच्या रविवारी तो शेडमध्ये शिरतो न शिरतो तोच सर्वेश ओरडला, "डोळे मिटून मारलास काय रे? डावा बघ!"

डावा फूटरेस्ट दीड इंच वर होता.

धम्मपाल खाली वाकला. जोड त्याच्याच हातचा होता. शेवटी हात किंचित मागे घ्यायची त्याला सवय होती, त्याची बारीक गाठ तिथे दिसत होती. आधी जोडला होता त्या खालच्या जागेवर कापल्याची किंवा घासल्याची खूण नव्हती. त्याला स्वतःचाच संताप आला. त्याने फूटरेस्ट कापून पुन्हा खाली लावला आणि सिद्धेशला लेव्हल धरायला लावली.

"बुडबुडा मध्ये आहे ना? नीट बघ. नंतर माझ्या नावाने शंख नको."

"मधोमध आहे रे बाबा," सिद्धेश म्हणाला.

आठवड्याने तो पुन्हा दीड इंच वर होता. जोडावर हलका गंज चढला होता, काही वर्षं पावसात उभी असलेल्या गाडीवर चढतो तसा. सीटचा नवा फोम डावीकडे दबला होता. त्यावर अजून कुणी बसलंही नव्हतं.

सर्वेशने पाना फरशीवर आपटला. "शेडची दुसरी चावी तुझ्याकडे आहे. मधल्या वारी येऊन जातोस तू. का, ते सांग."

"कळव्याच्या घरून इथे तुझा फूटरेस्ट वर करायला येऊ? डोकं फिरलंय का माझं?"

"जळतोस तू. माझी गाडी होतेय म्हणून मुद्दाम वाकडं काम करतोस."

धम्मपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने चावी सर्वेशच्या अंगावर फेकली, वेल्डिंग मशीन रिक्षात टाकलं आणि जाता जाता सुनावलं, "माफी मागशील तेव्हाच या घरात पाय ठेवीन."

राग काही उतरेना. सर्वेशने चोर म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण मुद्दाम वाकडं काम? कारखान्यात डोळ्यांसमोर काच धरून ठिणग्या उडवताना तो मनातल्या मनात सर्वेशशी भांडायचा आणि दर वेळी जिंकायचा. असा दीड महिना गेला. मग सिद्धेशचा फोन आला. "ये रे. तो सॉरी म्हणणारे तुला."

काय काय ऐकवायचं ते तोंडपाठ करूनच धम्मपाल दुपारी कोपरला पोचला. गाडी रंगून तयार होती. सर्वेश तिच्यावर बसला होता, दोन्ही अनवाणी पाय फूटरेस्टवर.

"सॉरी, धम्मा," तो म्हणाला. "माझीच चूक. तू माप बरोबर घेतलेलंस. मी उगाच बोंबाबोंब केली."

हेच ऐकायला धम्मपाल आला होता. त्याने खाली पाहिलं.

डावा फूटरेस्ट दीड इंच वरच होता. सर्वेशची डावी टाच त्याच्यावर नीट बसली होती.

"हलू नकोस," धम्मपाल म्हणाला. त्याने टेप काढला आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं. उजवा पाय. डावा पाय. मग पुन्हा डावा. तो दीड इंच आखूड भरला.

"काय झालं तुझ्या पायाला?"

सर्वेश नुसता हसला. ओशाळला तो सिद्धेश. "असं विचारतात का रे? इतक्या वर्षांनी?"

"नाटकं बंद करा!" धम्मपाल ओरडला. "सिद्ध्या, लेव्हल तू धरलेलीस ना? आणि शाळेत कबड्डीला आपला रेडर कोण होता? हाच ना? कुणाच्या हाताला लागायचा नाही हा!"

"तुम्ही खेळायचात," सर्वेश शांतपणे म्हणाला. "मी पॉइंट लिहायचो."

इतक्या शांतपणे सर्वेश जन्मात कधी बोलला नव्हता.

त्याची कॉलर धरून त्याला गदागदा हलवावं असं धम्मपालला वाटलं. पण हात उचलवेना. ज्याच्याशी भांडायला तो आला होता, तो तिथे नव्हताच.

तो पाणी मागायला म्हणून घरात गेला.

"बस रे धम्मा, चहा टाकते," ओट्यापाशी उभी असलेली सर्वेशची आई म्हणाली.

दाराशी चपलांची मांडणी होती. वरच्या फळीवर सर्वेशचे रोजचे बूट. डाव्याचा तळ दीड इंच जाड, टाचेकडून झिजलेला. त्याखाली त्याहून जुनी जोडी, तशीच.

सगळ्यात खाली शाळेचे काळे बूट होते, चौथी-पाचवीतल्या मुलाचे. त्यातल्या डाव्याच्या जाड तळाची शिवण उसवून दोनदा पुन्हा घातलेली होती.