शेवटच्या चढावर

सिग्रूनला दिसायचं ते फक्त उजेड आणि सावली. त्या सकाळी तिचा वाटाड्या तापाने फणफणला होता, म्हणून ती एकटीच बर्फातल्या ओळखीच्या वाटेने स्की करत निघाली. पुढे कुणीतरी मोठ्याने गात चाललं होतं. त्या गाण्यामागे ती वळणं घेत गेली... गाणं थांबलं आणि ती थेट गायकावरच धडकली.

"पाठलाग करतेयस माझा?"

"तुझ्या गाण्याचा. बेसूर आहेस, पण वळणं बरोबर घेतोस."

तो आइविन. पुढच्या हिवाळ्यात तोच तिचा वाटाड्या झाला. पुढे तो, पाठीवर छोटा स्पीकर, "डावीकडे... आता उतार... वाक!" आणि मागे ती. दोघं अंधांच्या शर्यती जिंकू लागले. राष्ट्रीय संघाची निवड एका शर्यतीवर येऊन ठेपली.

चढावर वाटाड्याला हात लावायचा नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शेवटच्या चढावर त्याचा श्वास इतक्या जवळून आला, की सिग्रूनने हात पुढे केला आणि त्याचा हातमोजा धरला. क्षणभरच. वळणावरच्या पंचाने ते पाहिलं.

ती तोंड उघडणार, तोच आइविन म्हणाला, "मी ओढलं तिला. दमली होती."

दोघं शर्यतीतून बाद झाले. शिवाय आइविनला मोसमभर वाटाड्या व्हायला बंदी. आणि सिग्रून? ती गप्प राहिली.

स्कीला मेण लावायच्या खोलीत सगळे त्याच्यावर तुटून पडले. "पोरीच्या मेहनतीवर पाणी फिरवलंस!" तो मुकाट्याने तिच्याच स्की पुसत होता. कुणीतरी तिच्या हातात तपकिरी चीज घातलेलं गरम वाफल ठेवलं. "बिचारी," सगळे म्हणाले. तिने ते न खाताच बाजूला ठेवलं. लाजेने तिचे कान तापले. आपल्यासारखी भित्री आपणच, असं तिला वाटलं.

ती उठली आणि काठीने वाट चाचपत पंचांच्या टेबलाशी गेली.

"गुनवोरबाई, हात मी धरला होता."

"दमली होतीस?" म्हाताऱ्या पंचबाईंनी विचारलं.

"नाही."

"पडत होतीस?"

"नाही हो..."

"मग कशाला धरलास, पोरी?"

आजूबाजूच्या कॉफीच्या गप्पा थांबल्या. सिग्रूनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"...मला धरावासा वाटला."

गुनवोरबाई उगाचच खोकल्या. "त्याच्यावरची बंदी उठली. तू मात्र बादच. आणि यापुढे असलं काही वाटलं, तर शर्यत संपेपर्यंत दम धर!"

सगळे खो-खो हसले. सिग्रून तोंड लपवून बाहेर पळाली. मागून ओळखीची पावलं आली.

"अख्ख्या खोऱ्याला कळलं आता," आइविन म्हणाला.

"आणि तुला?"

"मला चढावरच कळलं होतं. पण ते पंचांसमोर सांगायची वेळ तुझ्यावर येऊ नये, असं वाटलं."

"फार लाज वाटतेय रे..."

"मलाही," तो म्हणाला. "मी तर अख्खा हिवाळा मागे वळून बघत होतो. तुला दिसत नाही म्हणून बिनधास्त."