बारा डब्यांतले रातकिडे

ही गोष्ट ऐकीव नाही. कुणाच्या ओळखीच्याच्या ओळखीच्याची नाही. माझ्या सख्ख्या आतेबहिणीची आहे. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ती अजून आमच्याच घरी राहते, म्हणून नाव लिहीत नाही. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मला स्वतःला पटलं नसतं तर बरं झालं असतं.

आणि एक आधीच सांगते. वेळ रात्रीची नव्हती.

दुपारचे अडीच. वार मंगळवार. बाहेर रणरणतं ऊन. विद्यापीठात जीवशास्त्र विभागाचा तळमजला, तिथली अगदी टोकाची अरुंद खोली.

आणि खोलीत मिट्ट काळोख...

काळोख मुद्दाम केलेला होता. ताईचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. त्या वर्षी प्रत्येकाला एक संशोधन स्वतःच्या बळावर करावं लागतं. प्रश्न आपला, प्रयोग आपला, चुकाही आपल्याच. मार्गदर्शक मॅडम आठवड्यातून एकदा बघणार, बस. ताईने रातकिडे घेतले होते.

रातकिडा गात असताना आपण जवळ गेलो की तो गप्प होतो. पावलाचा हादरा त्याला कळतो. मग पुन्हा गायला तो किती वेळ घेतो? रोज तेच पाऊल आलं तर त्याची भीती चेपते का? एवढाच तिचा प्रश्न.

"एवढं शिकून किडे ऐकत बसायचं!" लॅबचे काका म्हणायचे. "आमच्या मोरीत ये की, फुकट ऐकवतो!"

रातकिडे गाणार अंधारात. म्हणून त्या खोलीत रात्रभर दिवे जळायचे आणि दिवसा अंधार. दारावर आतून काळा पडदा, कोपऱ्यात एक मिणमिणता लाल दिवा. पंधरा दिवसांत किडे फसले. भर दुपारी त्यांची रात्र सुरू व्हायची.

भिंतीला लागून एक लांबलचक फळी होती. तिच्यावर बारा पारदर्शक डबे, प्रत्येकात एक नर. पहिला डबा दाराजवळ, बारावा ताईच्या खुर्चीजवळ. प्रत्येक डब्यावर छोटा माईक. कॉम्प्युटरवर बारा रेघा. किडा गात असला की रेघ थरथरायची. गप्प झाला की सरळ.

ताई मोजे घालून दारापासून खुर्चीपर्यंत चालायची. एक, दोन, तीन... डबे ओळीने गप्प व्हायचे. दीडेक मिनिटात पुन्हा सुरू. हा झाला प्रयोग.

त्यानंतर अर्धा तास कंट्रोल. म्हणजे ताईने खुर्चीत बसायचं आणि हलायचं नाही. कुणी चालायचं नाही, कुणी यायचं नाही. त्या वेळात सगळे किडे गातच राहिले पाहिजेत. ते झालं नाही तर बाकीचे आकडे कचऱ्यात. आणि आकडे कचऱ्यात म्हणजे वर्ष कचऱ्यात.

ताईला तो अर्धा तास आवडायचा. आवडायचा असंही नाही. त्या अर्ध्या तासात कुणी काही विचारायचं नाही, एवढंच.

आत्याला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

आत्या म्हणजे ताईची आई. ताईचे वडील फार पूर्वीच गेलेले. आत्या अंथरुणाला खिळायला लागली तेव्हा दोघी आमच्याकडे राहायला आल्या. माझ्या आईने आत्याचं सगळं केलं. आत्या गेली तेव्हा ताई रडली नाही. दुसऱ्या दिवशी पेपर होता, तो देऊन आली. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. आई मात्र म्हणायची, "खंबीर कसली, बधिर झालीय."

खरंच होतं ते. वाढलं की जेवायची. हाक मारली की ओ द्यायची. एकदा हातावर गरम चहा सांडला तर तिने नुसतं बघितलं... जणू दुसऱ्याच कुणाचा हात भाजला होता.

तर, तो मंगळवार.

कंट्रोल सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. बाराही किडे नुसते किर्र लावून बसलेले. ताई खुर्चीत. हात मांडीवर. डोळे उघडे.

आणि पहिला डबा गप्प झाला.

ताईने दाराकडे पाहिलं. पडदा हलला नव्हता.

मग दुसरा.

मग तिसरा.

मग काहीच नाही... थोडा वेळ बाकीचे नऊ गात राहिले.

मग चौथा. पाचवा. सहावा...

कुणीतरी फळीच्या कडेने चालत येत होतं. पावलाचा आवाज नव्हता. श्वासाचा नव्हता. फक्त जिथून ते येत होतं, तिथला आवाज बंद होत होता.

अकरावा.

बारावा. ताईच्या कोपरापासून हातभर अंतरावर.

आणि ते तिथेच थांबलं.

पाच मिनिटं. सात मिनिटं. मागचे डबे एकेक करून परत गायला लागले. दाराजवळचे आधी, मग मधले. पण शेवटचे दोन... नाही. तिथे कुणी उभं असल्यासारखे ते चिडीचूप.

नवव्या मिनिटाला शांतता उलटी फिरली. अकरा, दहा, नऊ... हळूहळू दारापर्यंत. मग सगळे पूर्ववत.

तुम्ही म्हणाल, ताई किंचाळत बाहेर पळाली असेल. नाही. तिने वहीत वेळ टिपली, डब्यांत कोंडा घातला आणि घरी आली. मी विचारलं, "कसं झालं काम?" "झालं," म्हणाली.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी पुन्हा तेच.

शुक्रवारी मॅडमनी रेघा बघितल्या. मॅडम म्हणजे भाबडं प्रकरण नव्हे. तीस वर्षं कीटकांत घालवलेली बाई.

"कंट्रोलमध्ये तू उठलीस."

"नाही मॅडम."

"मग कुणी आत आलं."

"नाही मॅडम. आतून कडी होती."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "हे बघ, घरी काय झालंय मला माहीत आहे. मुदत वाढवून हवी असेल तर सरळ माग. पण माझ्यासमोर खोटे आकडे ठेवू नकोस."

ताईला याचाही राग आला नाही. ती म्हणाली, "तुम्ही तपासा."

मॅडमनी तपासलं. सोमवारी खोलीला बाहेरून कुलूप घातलं, आत कुणी नाही. अर्धा तास बाराही किडे अखंड गात राहिले. मंगळवारी मॅडम एकट्या खुर्चीत बसल्या. काही नाही. बुधवारी त्या म्हणाल्या, "आता आपण दोघी."

ताई खुर्चीत, मॅडम तिच्या शेजारी स्टुलावर. मोबाईल बाहेर ठेवलेले. दहा मिनिटं नुसती किर्र...

पहिला डबा गप्प झाला.

मॅडमनी मान वळवली. दोन. तीन. थांबा. चार, पाच, सहा...

बारावा गप्प झाला तेव्हा मॅडमनी ताईचं मनगट धरलं. घट्ट. त्यांचा हात गार पडला होता. ताईला आठवतं ते इतकंच, की चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला धरलंय.

नऊ मिनिटं दोघी हलल्या नाहीत.

बाहेर उन्हात आल्यावर मॅडम बराच वेळ पायरीवर बसून होत्या. लॅबच्या काकांनी चहा आणून दिला तो तसाच निवला. मग त्यांनी रेघांचा कागद मांडीवर घेतला. पेन्सिलीने वेळा लिहिल्या. घाबरल्या होत्या, पण सवय सुटत नाही माणसाची.

"तू दारापासून खुर्चीपर्यंत बारा सेकंदांत येतेस," त्या म्हणाल्या. "याला पन्नास लागलेत. दर तीन डब्यांनी थांबतंय. दम लागल्यासारखं. कुणीतरी पाय ओढत चालतंय."

"माझी आई," ताई म्हणाली. वेळ काय झाली सांगावी, तशा आवाजात.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लिहून ठेव," त्या शेवटी म्हणाल्या. "काय वाटलं ते नको. काय घडलं ते."

दुसऱ्या दिवशी ताई एकटीच आत गेली. मॅडमनी नको म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही. तिला बोलायचं होतं.

काय बोलायचं होतं, ते तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ते असं.

आत्या गेली त्या दुपारी ताई लायब्ररीतून घरी आली आणि खोलीत अभ्यासाला बसली. माझी आई औषधं आणायला बाहेर पडलेली. घरात दोघीच. तीनच्या सुमाराला ताईला पावलं ऐकू आली. घासत, हळूहळू, मध्ये मध्ये थांबत. बोळातून तिच्या दारापर्यंत. आणि दारात येऊन थांबली...

ताईची पाठ दाराकडे होती. आईला काहीतरी हवंय हे तिला कळलं. पण मान वर केली असती तर उठावं लागलं असतं. आणि उठली असती तर पुन्हा बसणं झालं नसतं. ती महिनोन्‌महिने थकलेली होती. तिने पुस्तकातून डोळे काढले नाहीत.

पावलं बराच वेळ तिथे होती. मग घासत परत गेली.

माझी आई साडेतीनला आली तेव्हा आत्याने पलंगावरच प्राण सोडलेला होता.

म्हणून त्या गुरुवारी बारावा डबा गप्प होऊन मागचे पुन्हा गायला लागल्यावर ताई अंधारात म्हणाली, "आई, मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम बघितलं नाही."

तिच्या आवाजाने उरलेले किडेही गप्प झाले. एकदम. बाराच्या बारा.

त्या खोलीत इतकी शांतता कधीच झाली नव्हती. ताई वाट बघत राहिली. कशाची, ते तिलाही सांगता येत नाही. खांद्यावर हात पडावा असं वाटत होतं आणि पडू नये असंही.

काहीच झालं नाही.

ती उठली, फळीच्या कडेने चालत दारापर्यंत आली, बाहेर पडली. दार ओढून घेतलं. रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं.

ते मॅडमनी आणि तिने संध्याकाळी बघितलं. ताईची पावलं होती, बारा सेकंद. दार लागल्याचा आवाज होता. मग दोन मिनिटांनी किडे पुन्हा गायला लागले, सगळे.

आणि मग...

बारावा गप्प. अकरावा. दहावा. थांबा. नववा, आठवा, सातवा...

हळूहळू, पाय ओढत, ते ताईच्या मागोमाग दारापर्यंत गेलं होतं.

त्यानंतर त्या खोलीत कधीच काही झालं नाही. कंट्रोल सुतासारखे सरळ आले. ताईचा प्रबंध पूर्ण झाला. ते पाच दिवस त्यात शेवटच्या पानावर आहेत, 'कारण अज्ञात' एवढ्याच शब्दांत. तोंडी परीक्षेत कुणी त्याबद्दल ब्र काढला नाही.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारच्या संध्याकाळचं.

ताई घरी आली आणि माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. चार महिन्यांचं रडली. "मामी, ती दारात उभी होती, मी बघितलंसुद्धा नाही..." हुंदके देत सगळं सांगितलं. घरातलं, लॅबमधलं, सगळं. आई नुसती तिच्या केसांतून हात फिरवत होती. ताई रडून रडून तिथेच झोपली.

मग आई स्वयंपाकघरात आली. माझ्या मागोमाग. दार लोटून घेतलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वन्सं त्या दुपारी हिच्या दारापर्यंत गेल्या नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली.

"म्हणजे?"

"जाऊच शकत नव्हत्या गं. त्या दिवशी सकाळी त्यांचे पाय गेले. उभं केलं तर अंगावर कोसळल्या माझ्या. तुझ्या बाबांनी आणि मी उचलून पलंगावर ठेवलं. ही लायब्ररीत होती. हिचा दुसऱ्या दिवशी पेपर. वन्संच म्हणाल्या, पोरीला आज सांगू नका. नंतर सांगून तरी काय करायचं होतं?"

"हळूहळू उठल्या असतील..."

आईने मान हलवली.

"औषधाला जाताना मी त्यांच्या अंगावर चादर घातली होती. पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी गादीखाली गच्च खोचली होती. परत आले तेव्हा चादर तशीच होती. जराही सुटली नव्हती."

बोळातला दिवा बंद होता. आम्ही दोघींनी एकदमच तिकडे बघितलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. ताईला आम्ही अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिच्या मनावरचं ओझं उतरेल, हे कळतं. तिची आई तिच्या दारात उभी राहून रिकामी परत गेली नव्हती, हे तिला समजायला हवं.

पण मग ती विचारेल, तिथे कोण उभं होतं?

ताई आता बरी आहे. हसते, बोलते, नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती खोलीत वाचत बसते आणि दार सताड उघडं ठेवते. म्हणते, आईला वाटलं तर यावं.

माझी आई बोळातून जाता जाता ते दार हलकेच लोटून घेते.

थोड्या वेळाने बघावं तर ते पुन्हा उघडं असतं. ताईच उघडत असणार. आम्ही तिला तसं विचारलेलं नाही.